दाजी, बिलोलीला तुम्ही एकटेच गेलात

दाजी, तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुम्ही गेलात त्याच दिवशी दुपारी तुमच्या गल्लीतल्या दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "फ्लेक्स किती बाय कितीचा करायचा?" त्यांचं काही चुकलं नाही. मेव्हणा नांदेडला फ्लेक्स छापतो म्हटल्यावर तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लातूरच्या चौकात लागणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी दुकानात येऊन तुमचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला, नाव टाकलं आणि खाली काय लिहायचं ते सुचेना. आजवर कितीतरी माणसांच्या फोटोखाली मी 'भावपूर्ण' लिहिलं आहे. तुमच्याखाली लिहायला गेलो तर तुमचाच आवाज आला, "हे तर तू समद्यांनाच लावतोस की रे, संजू." मी कॉम्प्युटर बंद केला. फ्लेक्स लागलाच नाही आणि लोक जे बोलायचं ते बोलले.

तुम्ही मुरुडची शेती भावाच्या हवाली करून लातूरला मेस का काढलीत, कसे दिवस काढलेत, हे भेटायला येणारे अक्काला रोज सांगत होते. अक्का तुमची बायको, तिलाच तुमची माहिती देत होते. मी ते पुन्हा सांगत नाही. मला तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक म्हणजे आपलं जुनं भांडण, की छोटा धंदा जाहिरातीनं चालतो की आणखी कशानं. दुसरी बिलोलीची. बिलोलीच्या बाबतीत चूक माझी होती आणि ती मी तुमच्या तोंडावर कधीच कबूल केली नाही. पहिलीशिवाय दुसरी सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

मेस नवीन होती तेव्हा मी तुम्हाला दहा बाय चारचा फ्लेक्स भेट दिला. 'घरगुती जेवण', मोठ्या लाल अक्षरात, आणि शेजारी भरलेलं ताट. ते ताट मी इंटरनेटवरून उचललं होतं. त्यात पनीर होतं, नान होती, वर क्रीमची नक्षी होती. तुम्ही फ्लेक्सकडं बराच वेळ बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "ताट झ्याक हाय. कुण्या मेसचं हाय हे?" क्लाससाठी हदगावहून आलेला एक मुलगा पहिल्याच दिवशी वरण-भाकरीसमोर बसून पनीर कधी येणार म्हणून विचारत होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं अक्का म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात तोच फ्लेक्स गच्चीवर उलटा पसरून तिनं त्यावर कुरडया वाळवल्या. तुम्ही मला फोन करून मुद्दाम सांगितलंत, "तुझी जाहिरात लई कामाची निघाली."

मला राग आला होता, पण धंदाही दिसला होता. तुमच्या गल्लीत मेस भरपूर. क्लासेसमुळं सगळ्या मराठवाड्यातली पोरं लातूरला येतात, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला, आणि ती जेवणार तर कुठंतरी. मी तुमच्या ओळखीवर शेजारच्या मेसवाल्यांचेही फ्लेक्स घेतले. वर्षभरात गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत 'घरगुती जेवण' झालं, सगळीकडं तीच लाल अक्षरं आणि तेच पनीरचं ताट. एकदा एक बाप मुलीला घेऊन गल्लीत उभा होता आणि मोबाईलवर बायकोला सांगत होता, "समद्या घरगुतीच हायती, आता कंची बघू?" तुम्ही दारात भाजी निवडत बसला होतात. तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत.

त्याच सुमारास मी नांदेडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर केलं आणि 'मार्केटिंग' हा शब्द घेऊन तुमच्याकडं आलो. मी पुष्कळ बोललो. तुम्ही कणीक मळता मळता ऐकून घेतलंत आणि शेवटी विचारलंत, "म्हंजी फ्लेक्सच ना?" मी म्हणालो हो, फ्लेक्स, पत्रक, रिक्षावरचा भोंगा, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळं. आज कबूल करतो, शिबिरात शिकवणाऱ्या माणसानं असं सांगितलं नव्हतं. जाहिरात हा त्यातला एक तुकडा, असं तो दोन्ही दिवस सांगत होता. पण माझ्याकडं फ्लेक्सचं मशीन होतं, त्यामुळं मला तेवढंच ऐकू आलं.

बाकीचं सगळं तुम्ही करत होतात आणि त्याला काही नाव देत नव्हतात. पहिल्या वर्षी तुम्ही चार दिवस क्लासच्या पार्किंगमध्ये नुसते उभे होतात. वॉचमनला वाटलं, हा बाप्या कुणाच्या पोरीवर नजर ठेवून आहे. तुम्ही बघत होतात की पोरं कधी सुटतात, किती वेळात परत आत जातात, आणि त्यातला किती वेळ मेससमोर रांगेत जातो. मग तुम्ही जेवणाची वेळ पाऊण तासानं मागं ढकललीत आणि दोन पंगती केल्या. परीक्षेच्या दिवशी वांगं बंद केलंत, कारण पोरं खाऊन पेंगतात. ज्यांना बसून जेवायला फुरसतच नव्हती त्यांच्यासाठी डबा सुरू केलात. मी म्हणालो, "दाजी, हे सगळं फ्लेक्सवर लिहू." तुम्ही म्हणालात, "ज्याला पायजे त्याला मिळून राहिलंय. लिव्हून काय करतोस?"

आणि फोडणीची तुमची पद्धत. नवं पोरगं आलं की सोबत आई यायचीच. तुम्ही तिला ऑफिसात बसवत नव्हतात, कारण ऑफिस नव्हतंच. सरळ स्वयंपाकघरात न्यायचात आणि म्हणायचात, "ताई, आजच्या वरणाला फोडणी तुमी द्या." ती संकोचायची, मग पदर खोचायची. तुम्ही बाजूला उभे राहून तेल किती घेते, तिखट कधी टाकते, लसूण ठेचते की चिरते, ते बघायचात. बिलोली-देगलूरकडची आई चिंच मागायची, हदगावकडची तिखटाच्या डब्यात हात घालताना मागंपुढं बघायची नाही. पन्नास पोरांना पन्नास वरणं करता येत नाहीत हे तुम्हालाही कळत होतं. पण कोणत्या टेबलावर चिंचेची चटणी ठेवायची आणि कुणाला ठेचा वेगळा द्यायचा, हे तुम्ही त्यावरून ठरवायचात. त्या आया गावी जाऊन काय सांगत असतील ते मला पुढच्या वर्षी कळायचं, एका गावातून एक पोरगं आलेलं असलं की त्याच गावातून तिघं यायची. मी नांदेडहून तुम्हाला अक्कल शिकवायचो, म्हणजे निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं होतं.

माझं एकच काम तुम्हाला पटलं होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर मी अगदीच बिनकामाचा ठरेन. जागा सोडावी लागली आणि मेस मागच्या बोळात गेली, तेव्हा पोरांचे आईबाप जुन्या दारापर्यंत येऊन परत फिरायला लागले. मी एक साधी पाटी करून दिली. तुमचं नाव, बाण, 'मेस आता इकडे', फोन नंबर. ताट नाही, पनीर नाही. तुम्ही ती स्वतः खिळे ठोकून लावलीत आणि म्हणालात, "ही खरी जाहिरात. ज्याला यायचं हाय त्याला वाट दावली." तेव्हा आपलं भांडण मिटलं असतं, पण मी म्हणालो, "आणि ज्याला यायचंच नाही त्याला?" तुम्ही हसून म्हणालात, "त्याला कशाला बेजार करतोस?"

मग दोन वर्षांपूर्वीचा जून आला. पलीकडच्या रस्त्यावर एसी मेस निघाली, मोबाईलवर मेनू बघायची सोय असलेली. तुमच्याकडं नवीन पोरं निम्मीच आली. अक्कानं फोनवर सांगितलं की तुम्ही दुसऱ्या पंगतीची पातेली काढलीच नाहीत. मला तुमची काळजी वाटली, दाजी, हे खरं आहे. त्याचबरोबर, आता दाखवतो माझी करामत, असंही वाटलं. तेही तितकंच खरं आहे.

मी लातूरला आलो त्या दिवशी बिलोलीच्या निर्मलाबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. निर्मलाबाईंनी फोडणी दिली, धुरानं डोळ्यात पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. कढईकडं बघत त्या म्हणाल्या, "खाईल का न्हाई ही?" मी दारात उभा राहून मोबाईलवर ते काढलं. खाली लिहिलं, 'आईच्या हातची पहिली फोडणी, फक्त आमच्या मेसमध्ये', मागं बासरी लावली आणि इंटरनेटवर टाकलं. त्यांना विचारलं नाही. तुम्हालाही नाही.

तीन दिवसांत तो व्हिडिओ सगळीकडं फिरला. मेस भरली, दुसऱ्या पंगतीची पातेली निघाली, तिसरी पंगत बसली. मी नांदेडहून तुम्हाला फोन करून विचारलं, "आता बोला, दाजी." तुम्ही म्हणालात, "काढून टाक ते." मी म्हणालो, अहो, एवढी माणसं बघून राहिलीत, आणि काढून काय टाकू? तुम्ही परत तेवढंच म्हणालात.

मी तो दोन दिवसांनी काढून टाकला. तोवर तो ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये गेला होता. बिलोलीच्या बाजारात निर्मलाबाईंना बायका 'हिरॉईन' म्हणायला लागल्या. क्लासमध्ये त्यांच्या मुलीचं नाव 'फोडणी' पडलं. मुलीनं आठवडाभर डबा उघडला नाही, मग तिचे वडील आले आणि तिची पेटी उचलून तिला घेऊन गेले. लातूरच सोडवलं. तुमच्या स्वयंपाकघरात त्यानंतर आलेल्या आयांपैकी कुणी उंबऱ्यावरूनच नको म्हणाली, तर कुणी भारी साडी नेसून आली आणि 'व्हिडिओ कवा काढता?' म्हणून विचारायला लागली. तुम्ही फोडणीची ती पद्धत बंद करून टाकलीत. व्हिडिओ बघून आलेली पोरं तुम्हाला नीट कळलीच नाहीत, एवढी एकदम आली. दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी निघून गेली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हात तुमचा होता आणि दाखवला मी.

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या दुकानात आलात. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. म्हणालात, "बिलोलीला चाललोय. येतोस का संगं?" माझ्याकडं निवडणुकीचं काम होतं, मशीन थांबवता येण्यासारखं नव्हतं. खरं तर थांबवता आलं असतं. मी म्हणालो, "दाजी, आत्ता कसं जमंल?" तुम्ही म्हणालात, "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे." चहा घेतलात, बशी स्वतः विसळून ठेवलीत आणि स्टँडकडं चालत गेलात. लातूरहून बिलोलीला उदगीर-देगलूरवरूनही जाता येतं. तुम्ही वाट वाकडी करून नांदेडला आला होतात ते मला न्यायलाच, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. म्हणजे या जगातून गेल्यावर. त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्हाला सोयीची गाडी मिळाली असेल.

परत आल्यावर तुम्ही फोनवर "झालं" एवढंच म्हणालात. मी विचारलं नाही काय झालं. त्यानंतर आपण पहिल्यासारखेच बोलत होतो, चेष्टा करत होतो, माझ्या फ्लेक्सवर तुमचे टोमणे सुरू होते. फक्त बिलोलीचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. तुम्ही चिडला असता तर बरं झालं असतं. मीही चिडलो असतो आणि मग कदाचित बोललो असतो.

मागच्या आठवड्यात अक्कानं मेस पुन्हा उघडली. मी म्हणालो, "अक्का, ॲडमिशनचे दिवस आलेत. नवीन काहीतरी करू जाहिरातीचं. लोकांना वाटेल मेस बंद पडली." अक्का तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पाटीवरचं नाव तसंच ठेव. दुसरं काई नगं." आणि थोड्या वेळानं, "ते गेल्यालं बिलोलीच्या बाईला कुणी कळविलं का?" मी म्हणालो, फोन करतो. ती म्हणाली, "फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही?"

म्हणून परवा मी बिलोलीला गेलो. स्टँडपासून घर विचारत गेलो आणि प्रत्येकाला विचारताना वाटायचं, हा माणूस आता विचारणार, 'त्या व्हिडिओवाल्या का?' कुणी विचारलं नाही. निर्मलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी सांगितलं, लातूरच्या मेसवाल्यांचा मेव्हणा. त्यांनी सूप खाली ठेवलं. मी तुमचं सांगितलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "माय! एवढा चांगला माणूस." मुलीचं विचारलं तर म्हणाल्या, नांदेडला नर्सिंग करून राहिली, बरी हाय आता.

मग मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. म्हणालो, "तो व्हिडिओ मी काढला होता. तुम्हाला न विचारता. माझ्यामुळं तुम्हाला आणि पोरीला त्रास झाला."

त्या म्हणाल्या, "त्येंनी तर सांगितलं हुतं, म्याच काढला म्हनून. तिथं बसले हुते, त्या वट्ट्यावर. म्हनले, मोबाईल माझा, चूक माझी, तुमी मला काय बी बोला. आमच्या मालकांनी लई बोलून घेतलं. नगं ते बोलले. त्ये मान खाली घालून ऐकत ऱ्हायले."

मी त्या ओट्याकडं बघत होतो. तुम्ही तिथं माझ्या वाटणीचं ऐकून घेत बसला होतात आणि मी त्या वेळी नांदेडला कुणाचा तरी हात जोडलेला फोटो छापत होतो.

मी म्हणालो, "ते खोटं बोलले, ताई. मीच काढला होता."

"ठावं हाय मला," निर्मलाबाई म्हणाल्या. "त्या व्हिडिओत आवाज हाय की तुमचा. 'ताई, अजून एकदा म्हणा' म्हनलेला. बासरीच्या मागून बारीक येतो, पर येतो. म्या लई डाव ऐकलाय."

दाजी, हे मी वर लिहिलेलं नाही, कारण मला लाज वाटली. त्या पहिल्यांदा रडत 'खाईल का न्हाई ही' म्हणाल्या तेव्हा माझा मोबाईल नीट धरलेला नव्हता. मी त्यांना म्हणालो, "ताई, अजून एकदा म्हणा." आणि त्या म्हणाल्या, कारण त्यांना वाटलं मला ऐकू आलं नसेल. सगळ्या जगानं बघितलं ते दुसऱ्यांदा म्हटलेलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. तुम्ही वरणाचं पातेलं उतरवत शेजारीच उभे होतात.

मी निर्मलाबाईंना विचारलं, "मग तुम्ही दाजींना तेव्हाच का नाही म्हणालात, की तुम्ही खोटं बोलताय?"

त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून मानूस आला. दुसऱ्याची चूक आपल्या आंगावर घिऊन बसला. त्याला कसं म्हनायचं?" मग सूप उचलता उचलता म्हणाल्या, "म्या मालकांना बी सांगितलं न्हाई. वाट बघितली. म्हनलं, ज्याची हाय त्यो ईल एक दिस."

मी आलो, दाजी. दोन वर्षं लागली, आणि तुम्ही गेल्यावर आलो. तुम्हाला पोचवताना माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, लोकांनी ते बघितलंही होतं. परवा त्या अंगणात, त्या बाईसमोर, मी तुमच्यासाठी हमसून हमसून रडलो. त्यांनी मला रडू दिलं.

चूक माझी होती, दाजी. माझी होती, आणि मी तुमच्याबरोबर यायला पाहिजे होतं.